हजेरीपटावर उशिरा आलेली नावे

शाळेच्या कार्यालयात 'सूट' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. कुणाला फीमध्ये सूट हवी असते, कुणाला गणवेशात, कुणाला उशिरा भरलेल्या फॉर्मच्या दंडातून. नागपुरात २८ वर्षे शिकवताना मीही तो असंख्य वेळा वापरला. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे कायदे मुळातून वाचायला घेतले, तेव्हा हा ओळखीचा शब्द मला वेगळाच दिसू लागला. या देशात शिक्षणाच्या सक्तीचे कायदे होऊ लागले तसा तोही त्यांच्यासोबत आला. त्याचा अर्थ एवढाच होता, की या मुलाने शाळेत नाही आले तरी चालेल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वर्षभराने ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तरी त्या विचाराने मूळ धरले होते. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली कायदा झाला, आणि नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांतात १९२० साली. सक्ती आली की पालकांना दंड आला, आणि दंड आला की तो टाळण्यासाठी 'सबळ कारणां'ची यादी आली. याच धर्तीवर पुढे निरनिराळ्या राज्यांत जे कायदे झाले, त्यांतल्या अनेकांत शाळा लांब असणे, मूल आजारी असणे यांच्याच रांगेत मुलाचे शारीरिक किंवा मानसिक व्यंग बसवलेले आढळते. कायदा करणाऱ्यांच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. आंधळ्या मुलाच्या बापाला उगाच दंड होऊ नये, ही त्यांची दयाबुद्धी. पण ज्या मुलावर येण्याची सक्ती नाही, त्याच्यासाठी काही करण्याची शाळेवरही सक्ती राहत नाही. एका ओळीत दोघेही मोकळे झाले, आणि त्यात मुलाचे आयुष्य घरी बसले.

गंमत वाटावी अशी नव्हे, चीड यावी अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. इथे राज्य करणाऱ्या याच इंग्रजांनी त्यांच्या देशात १८९३ साली आंधळ्या आणि बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र कायदा करून ते सक्तीचे केले होते. म्हणजे अशी मुले शिकू शकतात, त्यांना शिकवणे सरकारचे काम आहे, हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. वसाहतीपर्यंत ते ज्ञान बोटीने आले नाही.

आली ती मिशनरी माणसे आणि त्यांच्यामागून इथले देणगीदार. ॲनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसरला अंधांची शाळा काढली. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा त्याच दशकात सुरू झाली, आणि १९०० साली ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांना शिकवायला घेतले. नागपुरात दक्षिण अंबाझरी मार्गावरचे अंध विद्यालय आणि शंकरनगरचे मूकबधिर विद्यालय ही नावे जुन्या नागपूरकरांना पत्त्यांसारखी पाठ आहेत. ऑटोवाल्याला 'मूकबधिर शाळेजवळ' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. पण शेजारी राहणाऱ्या किती जणांनी आत पाऊल टाकले असेल, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. मीही पहिल्यांदा आत गेले ते नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर.

एका अंधशाळेत तेव्हा पाहिलेला एक मुलगा आठवतो. नऊ-दहा वर्षांचा असेल. समोर ब्रेलची पाटी, तिच्यात अडकवलेला जाड कागद, हातात लाकडी मुठीची बोथट सुई. तो उजवीकडून डावीकडे टोचत चालला होता. टक् टक् टक्, मग क्षणभर थांबायचे, डाव्या हाताच्या बोटाने पुढची चौकट चाचपायची, पुन्हा टक् टक्. ओळ संपल्यावर त्याने कागद काढला, उलटा केला आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवत मला वाचून दाखवला. टोचलेले टिंब मागच्या बाजूला उठते, म्हणून लिहिताना प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे लिहावे लागते, हे मला तेव्हा कळले. सहा टिंबांच्या चौकटीत मराठीची सगळी अक्षरे बसवायची, तीही उलटी, आणि वेगाने. माझ्या वर्गातली डोळस मुले 'ष' आणि 'श' यांत अडखळत होती. या मुलाला शाळेतून सूट द्यायला निघालेले लोक नेमके कशापासून त्याला वाचवत होते?

या पाटीवरच्या अक्षरांचा प्रश्नही सहज सुटलेला नाही. भारतीय भाषांसाठी कितीतरी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालत होत्या. एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या अंधाला निरुपयोगी. १९५१ साली 'भारती ब्रेल' ही सामायिक लिपी ठरली, तेव्हा कुठे छपाईला अर्थ आला. शाळांचा खर्च मात्र लोकांच्या देणग्या आणि थोडेफार अनुदान यांवरच चालायचा. ज्याच्या बापाला नागपूरपर्यंत आणून वसतिगृहात ठेवणे सुचले आणि परवडले, तो शिकला. भंडारा-गोंदियाच्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातला मुलगा गुरे राखत मोठा झाला.

१९४४ साली सर जॉन सार्जंट यांच्या नावाने ओळखला जाणारा युद्धोत्तर शिक्षणाचा आराखडा आला. त्यात पहिल्यांदा स्पष्ट म्हटले गेले, की व्यंग असलेल्या मुलांचे शिक्षण हा देशाच्या शिक्षणव्यवस्थेचाच भाग असला पाहिजे आणि शक्य तिथे त्यांना इतर मुलांपासून वेगळे काढू नये. आज समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणात शिक्षकांना जे नवे म्हणून शिकवले जाते, त्याचे बीज ८० वर्षांपूर्वीच्या त्या कागदात आहे. मग ते उगवले का नाही?

माझ्या मते त्याचे एक मोठे उत्तर आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दडलेले आहे. राज्यांच्या विषयांच्या यादीत नवव्या क्रमांकावर 'अपंग आणि रोजगारास अक्षम व्यक्तींना साहाय्य' हा विषय आहे. शिक्षण हा वेगळा विषय. घटनाकारांनी ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या 'सर्व' बालकांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले होते, आणि सर्व म्हणजे सर्व. पण सरकारी कामाची वाटणी ज्या शब्दांनी झाली, त्यांत दिव्यांग मूल 'साहाय्या'च्या कप्प्यात गेले. परिणाम असा झाला, की साध्या शाळा शिक्षण खात्याकडे आणि विशेष शाळा समाजकल्याणकडे. दोन खाती, दोन जीआर, दोन अधिकारी, दोन वेगळ्या इमारती. मूल एका इमारतीतून दुसरीकडे न्यायचे तर बापाला चपला झिजवाव्या लागत. विदर्भातल्या संस्थांची तर आणखी एक अडचण. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होते, मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला; जे काम इथल्या सचिवालयात पायी जाऊन होत होते त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडायची. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. त्याचे स्वागतच आहे. पण शाळेच्या दृष्टीने दोन घरांचा संसार अजून संपलेला नाही.

कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) पुन्हा तोच धागा उचलला. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. दिव्यांग मुलांना शिकवायचे ते केवळ भूतदयेपोटी नव्हे, त्यांना कमावते नागरिक करण्यासाठी, असे आयोगाने बजावले. तरी त्याने ठेवलेले लक्ष्य पाहा: १९८६ पर्यंत अंध, बहिरी आणि अस्थिव्यंग मुलांपैकी १५ टक्के, आणि मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांपैकी फक्त ५ टक्के. वीस वर्षांनंतरही शंभरातली ८५ मुले बाहेर राहणार, हे गृहीत धरून आखलेली योजना! आयोगाला हिणवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या काळात एवढे म्हणणेही मोठे वाटत असले पाहिजे, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो.

१९७४ साली अपंग एकात्म शिक्षण योजना आली. साध्या शाळेत दिव्यांग मुलांचे युनिट आणि त्यांच्यासाठी खास शिक्षक. ही योजनासुद्धा केंद्रात आधी समाजकल्याण खात्याकडेच होती, १९८२ साली शिक्षण खात्याकडे आली. ज्या शाळांना असे युनिट मिळाले तिथे काही मुले खरोखर शिकून पुढे गेली. मात्र शिक्षकखोलीत एक सवय रुजली. असे मूल वर्गात दिसले की वर्गशिक्षक म्हणायचे, 'ते युनिटचे आहे.' हजेरीपटावर नाव आमच्या वर्गात, मूल मात्र 'युनिटचे'.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने ही सवय अधिक पक्की केली, असे मला वाटते. त्याचा हेतू उत्तम होता. विशेष शिक्षकाला रीतसर प्रशिक्षण हवे, नोंदणी हवी, कुणीही उठून या मुलांवर प्रयोग करू नयेत. पात्रता नसताना हे काम करणाऱ्याला शिक्षेचीही तरतूद आहे. पण आम्हा साध्या शिक्षकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला, की हे आपले कामच नाही. आमच्या बी.एड.च्या वर्षभरात या विषयावर दोन-चार तासिका झाल्या असतील, त्याही परीक्षेपुरत्या.

हक्काचा कायदा व्हायला १९९५ चा डिसेंबर उजाडावा लागला. बीजिंगमध्ये डिसेंबर १९९२ मध्ये आशिया आणि प्रशांत भागातल्या देशांची परिषद भरली होती, तिच्या जाहीरनाम्यावर भारतानेही सही केली होती. अपंगांचे साहाय्य हा राज्यांचा विषय, मग संसदेने कायदा कसा करायचा? आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, ही घटनेच्या २५३ व्या कलमातली वाट बीजिंगमुळे खुली झाली. तरी विधेयक रखडलेच. दिव्यांग हक्क चळवळीतले जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत संसदेबाहेर धरणे धरले. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पांढऱ्या काठ्या घेऊन माणसे थंडीत रस्त्यावर उतरली, आणि अधिवेशन संपता संपता कायदा मंजूर झाला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. नागपूरकरांना डिसेंबर आणि मोर्चा ही जोडी नवी नाही. १९५३ च्या नागपूर करारानुसार इथे भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांत कुबड्या घेतलेली माणसे दिसतात, विशेष शाळांचे शिक्षक दिसतात. वाहतूक तुंबली म्हणून आपण चिडतो. माझ्या वर्गातल्या मुलांचे हक्क अशाच रस्त्यांवर मिळवलेले आहेत, हे कळल्यापासून मी चिडणे सोडले.

१९९५ च्या त्या कायद्याने प्रत्येक दिव्यांग बालकाला १८ वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. सात प्रकारची अपंगत्वे त्यात होती. वाचता येते पण अक्षरे उलटीपालटी होतात, आकडे जागेवर राहत नाहीत, अशी मुले त्या सातांत नव्हती. स्वमग्न मुलेही नव्हती. त्यांच्यासाठी १९९९ साली वेगळा राष्ट्रीय न्यास कायदा झाला, पण त्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता.

अक्षरा-आकड्यांत अडखळणाऱ्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता, आणि ते अभिमानाने सांगितले पाहिजे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९६ सालीच घेतला. लिहायला जास्त वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. केंद्राच्या कायद्यात ही मुले यायला त्यानंतर २० वर्षे लागली. मुंबईत सायन रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होऊन दाखले मिळू लागले. आमच्याकडे मात्र 'अध्ययन अक्षमता' हा शब्दच पोचायला वेळ लागला. २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' आला, आणि जानेवारीत पालकसभेला आलेल्या तीन आयांनी एकाच दिवशी मला विचारले, 'मॅडम, आमच्या पोरालाही तसंच असेल काय?' अकरा वर्षे जुना निर्णय एका सिनेमाने आमच्या शाळेत आणला. फायलीतून तो आलाच नव्हता.

मधल्या काळात २००१ पासून सर्व शिक्षा अभियान सुरू झाले होते. 'एकही मूल नाकारायचे नाही' हे त्याचे धोरण. गट साधन केंद्रांवर फिरते विशेष शिक्षक नेमले गेले, कंत्राटी. एकेकाकडे कितीतरी शाळा. आमच्याकडे येणाऱ्या ताई महिन्यातून एकदा यायच्या, मोटारसायकलवर, मागे बांधलेल्या पिशवीत मणी, ठोकळे आणि खडबडीत कागदाची अक्षरे. अर्धा तास मुलासोबत, अर्धा तास माझ्यासोबत, की पुढची शाळा. जे काही मला येते त्यातले बरेच त्या अर्ध्या अर्ध्या तासांचे आहे. दरवर्षी मार्च आला की पुढचा आदेश निघतो की नाही, या काळजीत त्या असायच्या.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्यात सुरुवातीला 'वंचित गटा'च्या व्याख्येत दिव्यांग मुलांचा उल्लेख नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने तो आला आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर त्यांना हक्काने प्रवेश मिळू लागला. त्याच दुरुस्तीत आणखी एक वाक्य आहे, ज्याबद्दल शिक्षकांनी अत्यंत सावध असायला हवे. बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या बालकाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडता येईल, असे ते वाक्य आहे. अनेक कार्यकर्त्यांनी तेव्हाच भीती व्यक्त केली होती, की शंभर वर्षांपूर्वीची सूट मागच्या दाराने परत येते आहे. भीती खोटी नव्हती. 'गृहाधारित' हा शब्द शिक्का मारल्यासारखा वापरला गेलेला मी पाहिला आहे. पण वाक्य नीट वाचले तर पर्याय निवडण्याचा हक्क मुलाचा आहे. शाळेला तो दिलेलाच नाही. 'याला घरीच शिकवा' असे सांगणारा मुख्याध्यापक कायद्याच्या आधाराने बोलत नसतो.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला सोपी नाही. २००४ चा जानेवारी होता. सकाळची शाळा, नागपूरची थंडी, खिडक्यांना काचा नाहीत. सातवीतला एक मुलगा सारखा बोट वर करायचा. पाणी प्यायला जाऊ? लघवीला जाऊ? तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्याला बसवले आणि तास संपेपर्यंत उठू दिले नाही. तो आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर असायचा, 'अंग दुखत होतं' म्हणायचा, आणि मला तो बहाणा वाटायचा. कवायतीतून सूट मागायचा, तीही मी दिली नव्हती. त्या दुपारी त्याला मेडिकल रुग्णालयात भरती केले. त्याला सिकलसेल होता. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली की रक्तातल्या विळ्यासारख्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडे फुटावीत अशा वेदना होतात. मूत्रपिंडावर परिणाम झाल्याने लघवीही जास्त होते, म्हणून त्याला पाणीही जास्त लागते. हे मला कुणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

आणि हे नागपुरात घडत होते! याच शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले होते. विदर्भातल्या आदिवासी, दलित आणि इतर मागास समाजांत हा आजार किती खोलवर आहे, हे इथल्या डॉक्टरांना दशकानुदशके ठाऊक होते. सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके यांनी नागपुरातून या रुग्णांसाठी आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण शाळेच्या दृष्टीने तो मुलगा १९९५ च्या कायद्यातला दिव्यांग नव्हता. नुसता गैरहजर होता.

१६ डिसेंबर २०१६ रोजी लोकसभेने दिव्यांग व्यक्ती हक्क विधेयक मंजूर केले. नोटबंदीच्या गोंधळात अख्खे अधिवेशन वाहून जात होते; ज्या अगदी थोड्या गोष्टींवर दोन्ही बाजू एकत्र आल्या त्यांतली ही एक. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली होती, त्याला अनुसरून हा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांची २१ अपंगत्वे झाली. अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, आणि रक्ताच्या विकारांत सिकलसेल आला. माझा विद्यार्थी तोवर शाळा सोडून गेला होता.

शिक्षकाने या कायद्याची १६, १७ आणि ३१ ही तीन कलमे तरी स्वतः वाचावीत, असे मला कळकळीने वाटते. मराठीत ती दोन पानांत मावतात. सोळावे कलम सरकारमान्य किंवा अनुदानित प्रत्येक शाळेला लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश, इमारत आणि आवारात सहज वावरता येण्याची सोय, मुलाच्या गरजेनुसार वाजवी बदल, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे, प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे. सतराव्यात दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण आहे, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून मोकळीक आहे. एकतिसावे कलम ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण देते.

इथे शाळांमध्ये सर्रास होणारी एक चूक सांगायलाच हवी. '४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे का?' हा प्रश्न आपण प्रत्येक गोष्टीला विचारतो. ४० टक्क्यांची अट एकतिसाव्या कलमातल्या मोफत शिक्षणाला आहे. सोळाव्या कलमाला नाही. मुलाला पहिल्या बाकावर बसवायला, पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यायला, फळ्यावरचे मोठ्या अक्षरात लिहून द्यायला मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाचा दाखला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, हेच सांगितले: वाजवी सोय ४० टक्क्यांच्या पलीकडच्यांपुरती मर्यादित नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठीही लेखनिकाचे नियम काढले.

२०२१ च्याच नोव्हेंबरातला निकाल तर परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण, असलेल्या एका विद्यार्थिनीकडून 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची उत्तरपत्रिका ठरल्या वेळी काढून घेतली होती. तिच्या हक्काचा जादा एक तास दिलाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेरपरीक्षा मिळाली नाही, पण तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने नि:संदिग्धपणे म्हटले, आणि केंद्रावरच्या माणसांना या कायद्याचे प्रशिक्षण द्या असे बजावले. वर्गात उभ्या असलेल्या त्या पर्यवेक्षकाला नियम ठाऊक नव्हता. त्याची किंमत एका मुलीने मोजली. माझ्या सातवीच्या वर्गात त्या सकाळी मीही अशीच उभी होते.

कायद्याला दातही आहेत. तरतुदी मोडल्या तर पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड. चार लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद. लंगड्या, बहिऱ्या, येडा ही नावे वर्गात हसतहसत घेणाऱ्यांनी हे ९२ वे कलम वाचावे. तरीही एक उणीव मला जाणवते. अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा तिथेही १० लाख मुले शाळेबाहेर असल्याची कबुली त्या कायद्यातच दिली होती. त्यांनी प्रत्येक मुलासाठी लेखी शिक्षण आराखडा आणि तो ठरवताना पालकांची हजेरी सक्तीची केली. आपल्याकडे असा आराखडा चांगल्या विशेष शिक्षिकेच्या वहीत असतो, पण आईच्या हातात पडेल असा कागद कायद्याने बांधून दिलेला नाही. तो मिळेपर्यंत आईच्या हाती शिक्षकाचा शब्द तेवढा राहतो.

विशेष शिक्षकांच्या जागांचा प्रश्नही न्यायालयानेच धसास लावला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला १० विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. ७ मार्च २०२५ रोजी सर्व राज्यांना मंजूर पदे जाहीर करायला सांगितले. महाराष्ट्राने त्याआधी, २०२४ साली, ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला होता. मोटारसायकलवर मणी आणि ठोकळे घेऊन फिरणाऱ्या त्या ताईंनी याची वाट पाहण्यात तारुण्य घालवले.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात तुमच्या शाळेच्या दारात एखादी आई मुलाचा हात धरून उभी राहील आणि जरा घाबरतच म्हणेल, 'मॅडम, पोरगा थोडं कमी ऐकते, पण हुशार आहे.' आधी त्याचे नाव हजेरीपटावर लिहा. प्रमाणपत्र, दिव्यांगांचे यूडीआयडी ओळखपत्र, साधन केंद्राला पत्र हे सगळे नंतर तिच्यासोबत बसून करता येते. अडले तर जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी नेमलेला अधिकारी असतो, दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांनी ते पद बंधनकारक आहे. त्याचे नाव आणि फोन नंबर कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवा. आणि त्या मुलाला पाणी हवे असेल तर उठू द्या.